आडनाव उडवून नुसतं ‘पागोळी’ व्हायचं ठरवलंय. चुकतेय का?

खालचा_सा:
पाच वर्षं स्वतःच्या नावाने गातेय. माझं नाव-आडनाव इतकं सर्रास आहे की त्याच नावाच्या एक भजन गाणाऱ्या बाईही आहेत. गेल्या पावसाळ्यात माझं नवं गाणं वितरकाने, म्हणजे गाणी ॲपवर चढवणाऱ्या कंपनीने, थेट त्यांच्या पानावर चढवलं. गिटार, ब्रेकअप, सगळं. खाली त्यांच्या श्रोत्यांनी लिहिलं, ‘माऊली, तब्येत बरी आहे ना?’ गाणं माझ्या पानावर यायला सहा आठवडे गेले आणि तोवर त्याची हवा गेली होती.

म्हणून आता ‘पागोळी’. एकच शब्द, मराठी, आणि मला आवडतो. बँडमधले सोबतचे दोघे म्हणतात, हे नाटक आहे, खऱ्या नावाने गा. माझं मत ठाम आहे: आज नाव हा पत्ता आहे, आणि पत्ता दोघींचा एक असून चालत नाही. बोला.

पेटीमास्तर:
असहमत. नाव आपण घ्यायचं नसतं, लोकांनी द्यायचं असतं. नारायण श्रीपाद राजहंस या पोराला ‘बालगंधर्व’ टिळकांनी म्हटलं असं आपण ऐकत आलो. शिवपुत्र कोमकली लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ झाले, तेही कुणीतरी म्हटलं म्हणून. सौदागर गोरे ‘छोटा गंधर्व’ झाले. ही शाबासकी होती. ताई, तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःलाच शाबासकी देताय. आधी गा, नाव आपोआप चिकटेल.

मध्यलय:
मास्तर, मिळालेल्या पदवीचं पुढे काय केलं तेही सांगा की. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि जी कंपनी निघाली तिचं नाव ‘गंधर्व नाटक मंडळी’. सोबत गणपतराव बोडस होते, गोविंदराव टेंबे होते. पाटीवर नाव कुणाचं? टेंबे पुढे वेगळे झाले आणि त्यांनी नव्या नावाने स्वतःची मंडळी काढली, ‘गंधर्व’ मागेच राहिलं. ब्रँड हा शब्द तेव्हा नसेल, गल्ल्यावरचं गणित तेच होतं. आणि तो थाट सांभाळताना कर्जही त्याच नावावर चढलं.

शिवाय स्वतः घेतलेलं नाव वाईट कसं? श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडावर गेले आणि ‘पठ्ठे बापूराव’ झाले. कुलकर्णी या नावाने लावणी म्हटली असती तर लोकांनी आधी तोंडाकडे बघितलं असतं, मग ऐकलं असतं.

फुकटपास:
लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा. ‘मंगेशकर’ हे मंगेशी गावावरून वडिलांनी लावलेलं. म्हणजे आपण ज्याला सगळ्यात ‘खरं’ नाव समजतो ते पुढचं-मागचं दोन्ही नंतर आलेलं! वर संगीतकार म्हणून त्यांनी ‘आनंदघन’ हे तिसरंच घेतलं. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे लोकांपुढे आलं. एवढं मोठं नाव बाजूला ठेवून चाल जोखू दिली, याला हिंमत लागते. पागोळीताई, तुमच्याकडे अजून बाजूला ठेवायला नाव कुठंय? 😀 (राग नसावा.)

खालचा_सा:
राग नाही, पण टोचलं. नाव नाहीये म्हणूनच आत्ता बदलणं स्वस्त पडतंय. पन्नास गाणी झाल्यावर बदलून बघा.

वऱ्हाडी_ठेका:
सगळे ‘पत्ता’, ‘पदवी’ बोलून राहिले, आडनावाचं कोणी बोलत नाही. मी तबला वाजवतो. नुसतं नाव सांगितलं की आयोजक विचारतात, ‘पूर्ण नाव?’ पूर्ण सांगितलं की एक सेकंद थांबतात. त्या एका सेकंदात त्यांचं सगळं मोजून होतं. मग ‘जयंतीला वाजवता ना तुम्ही?’ असा प्रश्न. वाजवतो, अभिमानानं वाजवतो, पण शास्त्रीय बैठकीलाही वाजवतो ना! आडनाव गाळणं हा तुमच्यासाठी ब्रँड असेल, आमच्यासाठी तो श्वास घ्यायला जागा आहे.

पेटीमास्तर:
मुद्दा मान्य. पण मग उलटंही बघा. प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद, पुढे आदर्श. त्यांनी आडनाव लपवलं नाही, ‘शिंदेशाही’ म्हणून मिरवलं. आज मांडवात ते आडनाव नुसतं उच्चारलं की शिट्ट्या पडतात.

वऱ्हाडी_ठेका:
मास्तर, त्यासाठी तीन पिढ्या गायल्या. मला पुढच्या महिन्यात प्रोग्रॅम पाहिजे.

कलम४१:
थोडं कोरडं लिहितो. ट्रेडमार्कसाठी मनोरंजन सेवांचा वर्ग ४१, रेकॉर्डिंगचा ९. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्जाआधी शोध घ्या, कारण ‘पागोळी’ कुणी अगरबत्तीला लावलं असेल तर चालून जाईल, बँडला लावलं असेल तर नाही. सोबतच्या दोघांशी आत्ताच कागदावर लिहून घ्या, नाव तुमचं की तिघांचं. भांडण नेहमी पहिल्या बऱ्या बिदागीनंतर होतं. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) खऱ्या नावाबरोबर हे टोपणनावही नोंदवा, नाहीतर पैसे कुणाचे हे शोधत बसाल.

खऱ्या नावालाही संरक्षण मिळतं बरं. २०२४ मध्ये अरिजित सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेला, एआयने त्याचा आवाज काढणाऱ्यांना कोर्टाने नाव-आवाज वापरायला मनाई केली. पण त्यासाठी आधी अरिजित असावं लागतं. आणि उलट टोक म्हणजे अमेरिकन गायक प्रिन्स: रेकॉर्ड कंपनीशी बिनसल्यावर १९९३ मध्ये त्याने नाव टाकून नुसतं एक चिन्ह घेतलं, जे वाचताच येत नव्हतं. २००० मध्ये परत प्रिन्स झाला.

मध्यलय:
वाचता येण्यावरून आठवलं. ताई, ‘ळ’चं काय करणार? रोमनमध्ये लिहिलंत की तो ‘पागोली’ होणार. पुण्याबाहेरचा निवेदक ‘पागोली’ म्हणणार, शोधणारा ‘पगोली’ टाइप करणार, आणि समोर काय येईल देव जाणे.

खालचा_सा:
हा खरा बाण लागला. रात्री बसून चार स्पेलिंगं टाकून बघितली. एकात छत गळती दुरुस्तीवाले आले. तरी ‘ळ’ सोडणार नाही. पोस्टरवर, गाण्याच्या चित्रावर सगळीकडे देवनागरीच ठेवेन, आणि रोमनची चारही रूपं वर्णनात टाकेन.

फुकटपास:
गळती दुरुस्तीवाल्यांना प्रायोजक करा. पागोळी त्यांच्याच धंद्यात बसते.

खालचा_सा:
ताजी बातमी. आत्ताच आयोजकांनी पोस्टरचं प्रूफ पाठवलं. वर मोठ्ठं ‘पागोळी’, ‘ळ’सकट. खाली कंसात माझं पूर्ण नाव, आडनावासहित. फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, लोकांना कळायला नको का कोण आहे ते?’ कंस काढायला सांगितलाय. दुसरं प्रूफ उद्या येणार आहे.

वऱ्हाडी_ठेका:
आलं की इथं टाका.