रात्री परतताना लांबणारा बॅटन जवळ ठेवला तर?

रातराणी२२: रात्रपाळी संपली की थांब्यापर्यंत एकटीला चालावं लागतं. परवा एकजण बराच वेळ मागे मागे आला. ऑनलाइन स्टीलचा बॅटन पाहिला, झटका दिला की लांब होणारा. खाली लिहिलंय, 'परवाना लागत नाही'. घेऊ का?

पक्याभाऊ: खुशाल घ्या. बंदूक थोडीच आहे!

दंडधर: पक्याभाऊ, असं सरसकट सांगू नका. मी सुरक्षारक्षकांना बॅटन शिकवतो आणि पहिला तास कायद्यावरच घालवतो. विकत घेणं, घरी ठेवणं आणि बाहेर जवळ बाळगणं, कायदा या तिन्हींकडे वेगवेगळं पाहतो. जर्मनीत अठरा पूर्ण झाल्यावर असा बॅटन घरी ठेवता येतो, पण रस्त्यावर जवळ बाळगायला बंदी आहे, आणि 'स्वसंरक्षणासाठी' हे कारण तिथे चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर 2021 पासून तो घरात ठेवणंही गुन्हा आहे. कॅलिफोर्नियातली बंदी 2024 मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवली, त्यावर राज्य अपिलात गेलं. विक्रेत्याची ती ओळ तुमच्या राज्यातल्या रस्त्याबद्दल काहीच सांगत नाही.

रातराणी२२: पण हल्ला झाला तर मारायचा हक्क असेल ना?

दंडधर: असतो, हल्ल्याच्या प्रमाणात. पण ताई, वस्तू आधीपासून बाळगणं हा बऱ्याच ठिकाणी वेगळा गुन्हा धरतात. मारणं योग्य ठरलं तरी बाळगल्याबद्दल खटला होऊ शकतो. आणि मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आम्ही मांडीच्या जाड स्नायूवर मारायला शिकवतो. डोकं, मान, पाठीचा कणा टाळायचा. घाबरलेला हात नेमका डोक्याकडे जातो, आणि स्टीलच्या एका फटक्याने माणूस मरू शकतो. सराव नसेल तर समोरचा तो हिसकावूनही घेतो. जोराचा आवाज करणारा अलार्म घ्या, आणि सुटण्याच्या वेळी सोबतीची व्यवस्था कामाच्या ठिकाणी लेखी मागा.

प्रवासी_मी: विमानात?

दंडधर: केबिनमध्ये अजिबात नाही. चेक-इन सामानातून नेण्याआधी जिथे उतरणार तिथला कायदा बघा. उतरल्या उतरल्या तो जप्त होऊन गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

रातराणी२२: बॅटन नको मग. सोबतीसाठी अर्ज आजच लिहिते. आणखी दोघी आहेत माझ्या पाळीत, त्यांच्याही सह्या घेते.