'कोनाडा' आणि 'जुळवून घेणं' : हे शब्द बरोबर आहेत का?

सातवी_ब :
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात सातवीला सायन्स शिकवते, पहिलाच धडा अनुकूलनाचा. अनुकूलन म्हणजे काय विचारलं की पोरं धडाधड सांगतात, 'प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतो ते', आणि मीही इतकी वर्षं बरोबरची खूण करत आले. परवा एका पोरीने विचारलं, मॅडम मग उंटाने स्वतः ठरवून पाय पसरट केले का? मला चटकन सांगता येईना. चूक पोरीची नाही, शब्दाची आहे असं वाटतंय, कारण जुळवून घेणं म्हटलं की सासरी आलेली सून डोळ्यापुढे येते, ती समजून उमजून स्वतःला बदलते. दुसरा शब्द 'निश' (इंग्रजी niche, जिवाचं निसर्गातलं स्थान आणि काम). कुणी कोनाडा लिहितं, कुणी पर्यावरणीय स्थान, कुणी सरळ अधिवास. तुम्ही काय वापरता?

वाईकर :
अधिवास तर नक्कीच नको. सप्टेंबरात कासला जाऊन बघा म्हणजे फरक कळेल. जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, त्यात नायट्रोजन जवळजवळ नाहीच, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं या दोन्ही वनस्पती किडे खातात. पण दवबिंदू पानावरच्या चिकट केसांवर वरचे किडे धरते, आणि सीतेच्या आसवांच्या बारीक पिशव्या खाली ओल्या मातीत असतात, त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढतात. तिथंच डबक्यात वायतुरा, पाऊस सरला की वरचं सगळं वाळतं नि कंद खाली जिवंत राहतो. पठार एकच, म्हणजे अधिवास एक, पण तिघांचं जगणं निराळं. ते निराळेपण म्हणजे निश.

इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडाच. आमच्या वाड्यात दिव्याची ती दिवळी आणि मोठा असेल तर कोनाडा. 1917 साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ग्रिनेल यांनी कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्यावर लिहिताना तो वापरला तेव्हा त्यांचा रोख जागेवर, झाडोऱ्यावर होता. 1927 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ एल्टन यांनी तो फिरवला, हा जीव तिथं करतो काय, कुणाला खातो, याला कोण खातं. पर्यावरणशास्त्रज्ञ ओडम यांनी तर सोपंच केलं, अधिवास म्हणजे पत्ता आणि निश म्हणजे धंदा. मला कोनाडा चालतो, घरातला शब्द आहे.

माणदेशी :
वाईकर, कासचं पटलं पण कोनाडा नाही पटत. कोनाडा गवंडी भिंत बांधतानाच ठेवतो, मूर्ती नंतर येते. निसर्गात असा रिकामा कोनाडा आधीपासून वाट बघत बसलेला नसतो, किडा धरून खाणारी वनस्पती झाली तेव्हा तो धंदा झाला.

माझ्या मते आपला शब्द आहे वहिवाट. शेतकऱ्याला सांगायला नको, वहिवाट कसून, वापरून, जाऊन-येऊन पडते. एका माणसाची नसते, घराण्याची असते, पिढ्यानपिढ्या चालते. आणि एकाच तुकड्यावर दोघांची सारखी वहिवाट नांदत नाही, बांधावरनं भांडण ठरलेलं. रशियन जीवशास्त्रज्ञ गॉज यांनी 1934 मध्ये पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती एकाच खाद्यावर एकत्र वाढवल्या तर त्यातली एक संपूनच गेली, तेच की हे.

आता तुमच्या पोरीचा प्रश्न, तो खरा मोठा आहे. आम्ही शाळूचं बी राखतो तेव्हा चांगली कणसं निवडून बाजूला ठेवतो, बाकीची खातो. कणीस स्वतः बदलत नाही, पुढच्या वर्षीचं रान बदलतं. निसर्गात हे बी राखायचं काम दुष्काळ करतो. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य 1973 पासून फिंच पक्षी मोजत होतं. 1977 ला पाऊस पडला नाही, बारीक मऊ बी संपलं, राहिलं ते मोठं कठीण बी, त्यात आपल्या सराट्याचाच एक भाऊबंद. (माणमध्ये ज्याच्या पायात सराटा मोडलाय त्याला ते किती टणक ते ठाऊक आहे.) जाड चोचीचे पक्षी ते फोडू शकले, बारीक चोचीचे बरेचसे मेले, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड निघाली. एकाही पक्ष्याने जुळवून घेतलेलं नाही. जे होते त्यातले काही टिकले, एवढंच, पण ते एवढंच फार आहे.

सातवी_ब :
माणदेशी, सराट्याचं उद्याच सांगते, पोरांना पायातला काटा लगेच कळेल. मग मी असं करू का, एका जिवाच्या हयातीत होतं त्याला 'सवय होणं', 'अंगवळणी पडणं', 'हवा मानवणं', आणि पिढ्यांमधून होतं त्यालाच 'अनुकूलन'. आणि वाक्य शिकवताना प्राण्याला कर्ता करायचाच नाही. 'उंटाने पाय पसरट केले' नाही, 'पसरट पायाचे उंट वाळूत टिकले, त्यांची पिल्लं वाढली'.

वाईकर :
कर्ता बदलायचं फार चांगलं. दिवळी सोडताना जीवावर येतंय पण वहिवाट मान्य. एकच शंका, बाहेरून आलेल्या जातीचं काय? घाणेरी अमेरिकेतली, आज इथल्या डोंगरउतारावर हटायला तयार नाही, तिची पण वहिवाटच म्हणायची?

माणदेशी :
तिला अतिक्रमण. आमच्याकडं त्या रानाला सगळे तेच म्हणतात.