प्रश्न फक्त बाळाचा नव्हता

स्कॉटिश मिशनरी मेरी स्लेसरने कालाबारची (आजच्या नायजेरियातली) जुळी बाळं उचलून नेली म्हणजे लोकांपासून मुलं तोडली, असं एक मत मांडलं जातं; ते मला पटत नाही. तिथे तेव्हा जुळ्या बाळांना मातीच्या मडक्यात कोंबून रानात टाकलं जाई. तिथे संस्कृतीचा मान राखत थांबायला वेळच नव्हता.

मात्र या वादात आईचा विषय कुणीच काढला नाही. जुळं जन्मलं की एक बाळ भुताचं, असं मानून त्या ओल्या बाळंतिणीलाही गावाबाहेर घालवत. म्हणून नुसतं बाळ वाचवून भागत नसे. मेरीने १८७६ पासून १९१५ मध्ये मरेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकला, त्यांची भाषा बोलली, मुलांबरोबर अशा आयांनाही आसरा दिला. एका जुळ्यातली जेनी तर तिची मुलगी म्हणूनच, त्याच लोकांच्या डोळ्यांदेखत वाढली.