मदत हवी आहे : ग्रीन ऑडिट झालं, पण कॉलेजात रोजचं काम कोणी करायचं? (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या एका सीनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. सध्या एनएसएसचं कामही माझ्याकडे आहे. पर्यावरणाबद्दल मनापासून काही करावं असं वाटणारे आम्ही चार-पाच शिक्षक आहोत, पोरंही तयार आहेत, पण गाडी पुढे सरकत नाही. ज्यांनी आपल्या कॉलेजात हे करून दाखवलंय त्यांनी कृपया वेळ काढून लिहा.

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या मूल्यांकनात पर्यावरणाचे मुद्दे असतात. त्यासाठी आमच्याकडे ग्रीन ऑडिट (पाणी, झाडं, कचरा यांची तपासणी) झालं, एनर्जी ऑडिट झालं, अहवाल फाइलला लागले आणि सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. अहवाल वाईट नाही, त्यातलं बहुतेक पटण्यासारखं आहे. पण 'पाण्याची बचत करावी', 'पाचोळ्याचे खत करावे' ही कामं कोणत्या माणसानं कोणत्या वारी करायची, हे त्यात कुठेच नाही. माझी सगळी अडचण तिथेच आहे.

आमच्या जिल्ह्यात हा विषय पोरांना वेगळा समजवावा लागत नाही. एकाच बाकावर कृष्णाकाठच्या भिलवडीचा मुलगा आणि दुष्काळी जतची मुलगी बसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या मुलाच्या घरातले धान्याचे डबे तेव्हा पाण्यात तरंगत होते. मुलगी टँकरमागे कळशी घेऊन पळत मोठी झाली. तिच्या भागात येणारं म्हैसाळ योजनेचं पाणी म्हणजे याच कृष्णेचं पाणी, पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून नेलेलं. म्हणजे तिकडच्या प्रत्येक बादलीमागे वीजही खर्च झालेली असते. अशी पोरं पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपराला झेरॉक्सच्या दुकानातून आयता प्रकल्प आणतात, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून स्पायरल बायंडिंग करतात आणि आम्ही त्यावर सही करतो. मला हे फार लागतं.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आमच्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचं युनिट आहे. वाफ गार करायला कंडेन्सरमधून नळाचं पाणी सारखं सोडावं लागतं. ते कोमट होऊन रबरी नळीनं सिंकमध्ये आणि तिथून गटारात जातं. लिटरभर डिस्टिल्ड वॉटर हाती येईपर्यंत बादल्याच्या बादल्या निघून जातात. या पाण्याला कुठलंही रसायन लागलेलं नसतं, ते फक्त कोमट असतं. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसांत युनिट सकाळपासून चालू असतं. जतच्या त्याच मुलीनं एकदा नळीखाली हात धरला आणि विचारलं, "सर, हे चांगलं पाणी आहे की. मग जातंय कुठं?" लॅबच्या मागच्या बाजूला आमची रोपं वाळत होती.

रोपांचं असं आहे, की दर जुलैत वृक्षारोपण होतं, पाहुणे येतात, फोटो निघतात. मार्च ते मे परीक्षा आणि सुट्टी. माळीमामा एकटे, बोअरला पाणी कमी. जूनमध्ये बघावं तर निम्मी झाडं गेलेली, आणि मग त्याच खड्ड्यांत नवी रोपं लागतात.

तर माझे प्रश्न असे. सुट्टीत झाडं जगवायची व्यवस्था तुम्ही कशी लावली? पाचोळ्याचा खड्डा आम्ही सुरू केला होता, पण वास सुटला, तक्रारी आल्या आणि शिपाईमामा पुन्हा पाचोळा पेटवू लागले. तिथं काय चुकत असेल? पदवीची पोरं तीन-चार वर्षांत निघून जातात, मग हे काम पुढच्या तुकडीकडे कसं सोपवायचं? आणि पैशांचं विचारलं की ऑफिसात उत्तर ठरलेलं, 'याला हेड नाही', म्हणजे हा खर्च टाकायला हिशोबात सदरच नाही. यातून मार्ग कसा काढलात?

प्रतिसाद १ (सातारा, निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र)

सर, आधी रोपांची संख्या कमी करा. शंभर लावून निम्मी घालवण्यापेक्षा वीस लावा आणि वीस जगवा. पाऊस बसला की लगेच जूनमध्ये लावा, म्हणजे मुळांना चार महिने ओल मिळते. गुलमोहर-पेल्टोफोरमचा मोह टाळा. करंज, कडुनिंब, बहावा, उंबर, कांचन ही झाडं आपल्या हवेत तग धरतात. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की पुढे फार बघावं लागत नाही.

पाणी बादलीनं ओतू नका, बरंचसं वरच्यावर उडून जातं. बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मातीचं मडकं रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण ठेवा आणि आळ्यात पाचोळा पसरा. पाणी मुळाशी झिरपत राहतं आणि मामांची रोजची फेरी वाचते.

सुट्टीसाठी 'कमवा आणि शिका' वापरा. तुमच्याकडे ही योजना चालू असेल तर गावातल्याच दोन गरजू मुलांना एप्रिल-मेमध्ये झाडांचं काम द्या आणि त्याचे रीतसर पैसे द्या. कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली ती स्वावलंबनाच्या जोरावर. त्यांची पोरं शेतात राबून शिकली. आपल्या भागात ही वाट नवी नाही. झाडांसाठी फुकट श्रमदान एक दिवस मिळतं. मे महिन्यातल्या रोजच्या पाण्याला माणूस नेमावाच लागतो.

बोअर आटत असेल तर गच्चीकडे बघा. हजार चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर पाच लाख लिटर होतात. वीस टक्के वाया गेलं म्हटलं तरी चार लाख उरतात. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी सोडून द्या, बाकीचं गाळून बोअरभोवतीच्या खड्ड्यात जिरवा.

प्रतिसाद २ (मिरज तालुका, शेती आणि रोपवाटिका)

खड्ड्याला वास येतो म्हणजे ओला कचरा जास्त आणि हवा कमी. तुम्ही कॅन्टीनचं उष्टं आणि भाजीची देठं थेट टाकत असणार. एक पाटी ओल्याला तीन पाट्या सुका पाचोळा, असा थरावर थर द्या. मध्ये शेणकाला शिंपडा. खड्डा काढण्यापेक्षा जमिनीवर विटांचा हौद बांधा आणि विटांत फटी ठेवा, म्हणजे हवा खेळते. आठ-पंधरा दिवसांनी फावड्यानं वर-खाली करा. मूठभर खत दाबून बघा. हात ओलसर झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. पावसात वर पत्रा टाका. नीट केलं तर तीन-चार महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं आणि त्याला मातीचा वास येतो. शिरीषाची पानं लवकर कुजतात. सागाची, वडाची जाड पानं आधी तुडवून बारीक करा.

आणि शिपाईमामांना दोष देऊ नका. त्यांना संध्याकाळच्या आत पटांगण साफ करून द्यायचं असतं, काडी लावली की काम संपतं. हौद झाडण्याच्या जागेपासून लांब असेल तर कोणीही पेटवणारच. दोन छोटे हौद झाडांजवळच बांधा, एक ढकलगाडी घेऊन द्या, आणि पहिलं तयार झालेलं पोतं मामांच्या हस्ते बागेत टाका. आमच्या गावच्या शाळेत ढकलगाडी आल्यावरच जाळणं थांबलं.

प्रतिसाद ३ (सांगली, एका कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक)

सर, 'हेड नाही' म्हणणाऱ्यांपैकीच मी, म्हणून आमची बाजू सांगते. तुम्ही 'पर्यावरणासाठी' असा अर्ज दिलात की तो कुठे बसवायचा हा प्रश्न पडतो. तोच अर्ज वीजबिल आणि दुरुस्ती-देखभालीतून आला तर लगेच पुढे जातो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. असे २०० पंखे रोज ६ तास आणि वर्षात २०० दिवस चालले तर १०,८०० युनिट वाचतात. हा हिशोब तुमच्या बिलाच्या दरानं मांडून टिपणीला जोडा. सगळे एकदम बदलायला सांगू नका. जळालेला पंखा रिवाइंडिंगला न पाठवता बीएलडीसी घ्यायचा, एवढाच ठराव करून घ्या.

बंद पडलेले संगणकही तसेच. ते डेड स्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) असतात, म्हणून कोणी हात लावत नाही. निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून कमी करण्याचा) ठराव करून अधिकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राला द्या आणि पावती फाइलला लावा. भंगारवाल्याला देऊ नका, तारा जाळून तांबं काढतात.

पोरं जातात, शिक्षकांच्याही बदल्या होतात, ऑफिस मात्र तिथेच असतं. म्हणून काम शैक्षणिक दिनदर्शिकेत घाला आणि कामाचं नाव पदावर टाका, व्यक्तीवर नको. पाण्याच्या मीटरचं रीडिंग दर सोमवारी अमुक विभागाच्या प्रयोगशाळा सहायकानं घ्यायचं, असं परिपत्रक प्राचार्यांच्या सहीनं निघालं की माणूस बदलला तरी रजिस्टर चालू राहतं.

धागाकर्ता :

तिघांचेही मनापासून आभार. मॅडम, दिनदर्शिकेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, सोमवारी प्राचार्यांशी बोलतो. आयत्या प्रकल्पांऐवजी यंदा पोरांना हेच देणार आहे. प्रत्येक गटानं एक इमारत घ्यायची, तिथले गळके नळ, पंखे आणि गच्चीचं माप काढायचं, आणि अहवाल हातानं, पाठकोऱ्या कागदावर लिहायचा. मडकी कुंभारवाड्यातून आणायची जबाबदारी जतच्या मुलीनं आपण होऊन घेतली आहे.

डिस्टिलेशनचं पाणी अजून राहिलंच आहे. लॅब पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे पाणी उतारानं खाली बागेत नेता येईल. खाली ५०० लिटरची टाकी पुरेल का? आणि तेच पाणी पंपानं फिरवून पुन्हा कंडेन्सरला वापरणारं कोणी आहे का? उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलं तर वाफ नीट गार होत नसेल, अशी शंका आहे. कोणी करून बघितलं असेल तर जरूर लिहा, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आत जोडून घ्यायचं आहे.