‘बरा’, ‘गुण’, ‘उतार’: अर्जात नेमकं काय लिहू?

भांडुपकरीण
शब्द हवा आहे, आणि जरा घाईने हवा आहे.

धाकट्या भावाला नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. पाच वर्षांपूर्वी दिव्यांगत्वाचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरू झाले. मुदत संपली म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा बोर्डावर गेलो. (‘बोर्डावर जाणे’ म्हणजे वैद्यकीय मंडळापुढे उभं राहणे. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.) आत विचारलं, आंघोळ स्वतः करतो का? आई शेजारणीला सांगते त्याच सुरात म्हणाली, “हो तर! आता सगळं स्वतःचं स्वतः करतो. बरा आहे आता.” नवीन प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आलं. पैसे बंद होणार.

तो खरंच सुधारलाय. सकाळी दूध आणतो, सुट्टे मोजून घेतो. पण मध्ये झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला होता, तर चौथ्या दिवशी शटरपर्यंत जाऊन परत आला. मशीनच्या आवाजात कुणीतरी आपलं नाव घेतंय असं त्याला वाटत होतं. त्याच्या डॉक्टरांनी कागदावर ‘पार्शल रेमिशन’ लिहिलंय, म्हणजे लक्षणं कमी झालीत, पण पुरती गेलेली नाहीत. आजार पुन्हा वाढू शकतो, असंही नोंदवलंय. अपिलाचा अर्ज मराठीत करायचा आहे. याला मराठीत काय म्हणू? ‘अंशतः बरा’ लिहिलं तर चालेल?

शब्दवेडा
‘अंशतः’ कुणी वाचणार नाही, ‘बरा’ तेवढं वाचतील. ‘उपशम’ हा शब्द आहे आणि तो नेमकाही आहे, पण खिडकीपलीकडच्या माणसाला तो पंचांगातला वाटेल. आणि ‘रेमिशन’चा नुसता कोश बघून तर्जुमा करू नका. तुरुंगाच्या भाषेत रेमिशन म्हणजे शिक्षेतली सूट. (तसं पाहिलं तर आजारानं थोडी सूट दिली आहे, हे काही खोटं नाही.)

खरी गोम ‘बरा’मध्ये आहे. हा शब्द मराठीत एकाच वेळी दोन नोकऱ्या करतो. ‘भाजी बरी आहे’ असं नवऱ्यानं म्हटलं की बायकोला राग येतो, कारण तिथे बरी म्हणजे जेमतेम. ‘कालच्यापेक्षा बरा’, ‘त्यातल्या त्यात बरा’ हीसुद्धा तीच जात. उलट ‘कावीळ बरी झाली’ म्हणजे गेली, संपली. फरक क्रियापदात आहे. ‘बरा आहे’ ही आजची हकिकत, ‘बरा झाला’ हा निकाल. तुमच्या आई ‘आहे’ म्हणाल्या, बोर्डानं ‘झाला’ ऐकलं.

कुडाळी
आमच्याकडे मालवणीत ‘कसो आसस?’ला ‘बरो आसय’ हेच उत्तर, मग माणूस तापानं फणफणत का असेना. ते उत्तर म्हणून धरायचंच नसतं. बोर्डावरचे डॉक्टर कोकणातले नसावेत.

माझं मत ‘उतार’ला. ‘आजाराला उतार पडलाय’ म्हटलं की आजार आहे हे आधीच मान्य झालेलं असतं. नदीला उतार असतो ना, तसंच. पाणी आहेच, फक्त पाय टेकतात, पलीकडे जाता येतं. वर पाऊस झाला की उतार बंद.

शब्दवेडा
झकास. आणि त्याचा जोडीदारही घराघरांत आहे: ‘आजार उलटला’. उतार आणि उलटणे, दोन्ही मिळून डॉक्टरांचं अख्खं वाक्य होतं.

‘गुण आला’ मात्र टाळा. तो औषधाचा असतो, माणूस आज कसा आहे ते त्यातून कळत नाही.

भांडुपकरीण
उतार पटला. खिडकीवर एकानं आजाराच्या रकान्यात ‘मतिमंद’ लिहायला घेतलं होतं, ते मी तिथल्या तिथे थांबवलं. आणि शब्दवेडा, ‘वेडा’ तुम्ही हौसेनं लावता, आमच्या मजल्यावर अजून कुणी रागावलं की ‘ठाण्याला भरती करा याला’ म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. तुमच्यावर राग नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

शब्दवेडा
टोपणनाव बदलायचा विचार करतो. ‘शब्दप्रेमी’ फारच शाळेच्या फळ्यावरचं वाटतं, पण बघू.

निवृत्त कारकून
उशिरा आलो. पस्तीस वर्षं असेच अर्ज हाताळले, म्हणून शब्दाबरोबर थोडं कागदाचंही सांगतो.

‘मतिमंद’ थांबवलंत ते योग्य केलंत. मानसिक आजार ही वेगळी नोंद दिव्यांगांसाठीच्या १९९५च्या कायद्यातही होती, २०१६च्या कायद्यातही आहे. त्याच दोन्ही कायद्यांत आणखी एक नोंद बघा: कुष्ठरोगमुक्त व्यक्ती. रोग गेला, पण बोटांची संवेदना गेली, हात वाकडे झाले, म्हणून माणूस दिव्यांग. म्हणजे आजार हटला म्हणून दिव्यांगत्व हटत नाही, हे कायद्याला माहीत आहे. मानसिक आजारात वाकडं झालेलं बोट दिसत नाही, एवढंच.

आता टक्के. मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. चार बाबी: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे गुण. ६ ते १० वर्षं असतील तर ३. एकूण ८ झाले की ४० टक्क्यांच्या वर, ७ पर्यंत खाली. तुमच्या भावाला वर्षांचे हे ३ गुण धरले आहेत का, ते आधी तपासा. बाकीच्या चारांतून ५ लागतात. आंघोळ ही त्या चारांतली एकच बाब. झेरॉक्सच्या दुकानाचं कुणी विचारलं नसेल, तर सांगायला हवं होतं. आईंचा दोष नाही. इतकी वर्षं कुणी ‘बरा आहे का’ विचारलं की घाबरणारी बाई पहिल्यांदा आनंदानं उत्तर देते आहे, ती गुण कशाला मोजेल?

अपील २०१६च्या कायद्याच्या कलम ५९खाली करायचं. त्यात बोर्डाला दोष देऊ नका, फक्त कामाच्या ठिकाणी काय झालं ते तारखेनिशी लिहा.

आणि ‘फेरतपासणी’ (बेरीज पुन्हा बघणं) व ‘पुनर्मूल्यांकन’ (नव्यानं गुण देणं) यांत घोळ नको. मुंबई विद्यापीठाच्या पोरांना विचारा, तिथे दोन्हीची फी वेगळी असते.

भांडुपकरीण
हसले. तिथे पुनर्मूल्यांकनाला गुण वाढावेत म्हणून जातात. आमच्याकडेही वाढावेत म्हणूनच चाललोय, आणि वाढले तर पेढे वाटायचे की काय तेच कळत नाही. आईला मोजपट्टी समजावली तर ती म्हणाली, म्हणजे पोरगं पास झालं म्हणून नापास?

काल रात्री भावाला मसुदा वाचून दाखवला. ‘उतार’ ऐकून म्हणाला, “तलाठ्याकडे मिळतो तो?” मग म्हणाला, “दुकानाचं लिही. शटरचं पण लिही.” एवढं बोलून टीव्ही लावला.

वाक्य असं केलंय: “अर्जदाराच्या आजाराला औषधोपचाराने उतार पडला असला तरी आजार कायम असून तो उलटण्याची शक्यता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवली आहे, बोर्डानं मात्र कामाच्या बाबीत झालेली अडचण विचारात घेतलेली नाही.” ‘पडला असला तरी’ बरोबर की ‘असला तरी’?

कुडाळी
‘उतार असला तरी’. ‘पडला’ म्हटलं की घडून गेल्यासारखं वाटतं, पुन्हा ‘झाला’चीच भानगड.

निवृत्त कारकून
सहमत. आणि ‘बोर्डानं’ नको. ‘मंडळाने’. अर्जात ‘-नं’ असा बोलीतला अनुस्वार चालत नाही.