सयाजीरावांचे राज्य चांगले होते. ते न्याय्य होते का?

रावपुरा :

गेल्या ११ मार्चला आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या जयंतीनिमित्त व्याख्यान झाले. शेवटी वक्त्यांनी असे मत मांडले की सगळे राजे सयाजीरावांसारखे निघाले असते, तर या देशाला लोकशाहीची गरजच पडली नसती. सभागृहात टाळ्या झाल्या. मला मात्र त्या वाक्याने रात्रभर बेचैन केले, म्हणून हा विषय येथे मांडते आहे.

महाराजांचे मोठेपण मला नाकारायचे नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू झाला. १९१० नंतर अमेरिकेहून आणलेले ग्रंथपाल बॉर्डन यांच्या हातून गावोगाव ग्रंथालये उभी राहिली. त्या वाचनालयांतल्या पुस्तकांवरच माझे वडील वाढले. प्रश्न असा आहे की एका माणसाच्या मनात आले म्हणून मिळालेल्या चांगल्या गोष्टींना आपण न्याय म्हणावे, की दान म्हणावे?

आपल्याच गावचा दाखला घ्या. भीमराव आंबेडकरांना १९१३ साली बडोदे सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. कोलंबिया विद्यापीठातून शिकून ते १९१७ साली नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना भाड्याने खोली मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात ते अकरा दिवस राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती, तोवरचा वेळ त्यांनी कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढला. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे : सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता आणि तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. ज्या राज्याने त्यांना समुद्रापार पाठवले, त्याच राज्यात राहण्यापुरती जागा मागण्याचा हक्क त्यांना नव्हता. होती ती केवळ विनंती करण्याची मुभा. शिष्यवृत्ती महाराजांच्या इच्छेने मिळाली, आणि जेथे ती इच्छा पोचली नाही तेथे काहीच मिळाले नाही.

दुसरी गोष्ट अशी की हा चांगला राजा आपल्याला कसा मिळाला, हेही पाहावे. १८७५ साली रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप ठेवून तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची येथेच चौकशी झाली. आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. इंग्रजांना आरोप सिद्ध झालेला वाटला, तर ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना तसे वाटले नाही. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले आणि त्याच वर्षी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आला. त्या मुलाचा सयाजीराव झाला, हे आपले भाग्य. न्याय्य समाजाची कल्पना भाग्यावर उभी करता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

वाडीकर :

ताई, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण त्यावर रचलेल्या निष्कर्षाशी नाही.

कोणतीही विचारसरणी तिच्या तोंडच्या शब्दांवरून न जोखता, सत्ता हातात असताना तिने काय केले यावरून जोखावी, असे मी मानतो. त्याच काळात शेजारी ब्रिटिश मुलूख होता. तेथे कायद्याचे राज्य होते, न्यायालये होती, आणि त्या साम्राज्याच्या मुळाशी जगातली सर्वांत जुनी म्हणवली जाणारी पार्लमेंट होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले आणि हे या देशात शक्य आहे याचा पुरावा म्हणून बडोद्याचे उदाहरण दिले. १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. एकीकडे ज्याला कोणी निवडून दिले नाही असा राजा अमरेलीच्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत बसवत होता, आणि दुसरीकडे निवडून आलेल्या पार्लमेंटला जबाबदार असलेले सरकार पुण्याच्या मुलाला तोच अधिकार नाकारत होते. राज्यपद्धतीच्या नावावरूनच न्याय ठरत असेल, तर या दोन गोष्टींचा मेळ आपण कसा घालाल?

आपण हक्क आणि दान असा भेद केलात. तो भेद पुस्तकात स्वच्छ दिसतो, पण माणसाच्या आयुष्यात दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा बडोद्यात १९०४ साली झाला. त्या साली प्रजेचे मत घेतले असते, तर तो संमत झाला असता असे आपणास खरोखर वाटते काय? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात केवढे रान उठले होते, हे आपण जाणता. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाह रोखणारा सारडा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. मधल्या पंचवीस वर्षांत कायद्यामुळे ज्या काही मुली कोवळ्या वयात बोहल्यावर उभ्या राहण्यापासून वाचल्या असतील, त्यांच्यासाठी हा न्याय होता की दान होते, हा प्रश्न त्यांच्याच बाजूने विचारून पाहावा.

बाबासाहेबांचा प्रसंग मलाही लाजिरवाणा वाटतो, पण ती लाज शहराची आहे. त्या विश्रामगृहासमोर लाठ्या घेऊन उभा राहिलेला जमाव महाराजांनी पाठवलेला नव्हता. पुढे सहाच महिन्यांनी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईला अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली तेव्हा तिचे अध्यक्षपद सयाजीरावांनी स्वीकारले, हेही नोंदवायला हवे होते.

जुना मास्तर :

दोघांचेही वाचले. मी शिक्षक होतो, त्यामुळे शाळेपुरतेच बोलतो.

माझी आजी नवसारी प्रांतातली. मुलीला शाळेत पाठवले नाही म्हणून तिच्या वडिलांना दंड झाला होता आणि दुसऱ्यांदा दंड भरण्यापेक्षा त्यांनी तिला शाळेत धाडले. म्हातारपणी ती पोथी वाचायची, तेव्हा हा दंड ती हसून सांगत असे. सक्ती हा शब्द आज कानाला टोचतो. आमच्या घरात मात्र त्या दंडाला सगळे आशीर्वाद मानत आले आहेत.

पण वाडीकर, लाज शहराची असे म्हणून राज्याला बाजूला काढता येणार नाही. अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, शाळा १८८० च्या दशकातच निघाल्या, परंतु त्या वेगळ्या होत्या आणि तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून पुष्कळ ठिकाणी मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांनी ते काम हाती घेतले. पगार सरकारचा, हुकूम सरकारचा, आणि तरीही शिक्षक वर्गात पाऊल ठेवीत नव्हता. हुकूम न मानणाऱ्या शिक्षकाला राज्य सांभाळून घेत होते. त्या मुलाला मात्र वेगळ्या इमारतीत बसवत होते. १९१७ साली आंबेडकरांच्या कचेरीतले शिपाई लांबून कागद टाकत, असे सांगितले जाते, ते शिपाईही संस्थानचेच नोकर होते. बाहेरच्या जमावावर राजाचा ताबा नसेल, पण स्वतःच्या कचेरीतल्या शिपायावर होता.

सयाजीगंज :

या चर्चेत एक गोष्ट कोणीच बोललेले नाही, आणि आपण सगळे मराठी असल्यामुळेच ती बोलली जात नाही, असे मला वाटते. इंग्रजांच्या राज्याला आपण परके म्हणतो. गुजरातच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने गायकवाडांचे राज्य तरी काय होते? अठराव्या शतकाच्या आरंभी पिलाजी गायकवाडांनी सोनगडचा किल्ला भिलांकडून घेतला आणि तेथून गुजरातेत चौथाई वसूल करायला सुरुवात केली. पुढे १८०५ पर्यंत गायकवाड कंपनी सरकारच्या तैनाती फौजेच्या तहात बांधले गेले, म्हणजे गादीचे रक्षण इंग्रजांनी करायचे आणि त्याचा खर्च गुजरातच्या रयतेने द्यायचा, अशी व्यवस्था झाली. त्याच सोनगडला १८८५ च्या सुमारास महाराजांनी आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले, हे चांगलेच झाले. पण त्या मुलांना किल्ला कोणाचा होता, हे त्या वसतिगृहात कोणी शिकवले असेल असे मला वाटत नाही.

१९१६ साली बडोदे राज्य प्रजामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून प्रजेला जबाबदार असलेल्या राज्यपद्धतीची मागणी होत राहिली. १९३८ साली भादरणच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सरदार पटेल होते. दांडिया बाजारातल्या आपल्या आजोबांपैकी किती जण त्या मागणीच्या बाजूने उभे होते, हे प्रत्येकाने घरी विचारावे. माझे आजोबा नव्हते. नोकरी सरकारची, वाडा सरकारने दिलेला, आणि प्रजामंडळ म्हणजे आपल्या मुळावर आलेली चळवळ, असे ते मानीत. माझे त्यांच्यावर प्रेम आहे, पण त्यांचे मत चुकीचे होते.

वाडीकर :

सयाजीगंजकरांचा मुद्दा कडू आहे आणि तो मी टाळत नाही. मात्र वसाहत आणि आक्रमणाने उभे राहिलेले देशी राज्य यांत मला फरक दिसतो आणि तो आर्थिक आहे. वसाहतीत महसूल जेथून निघतो तेथे तो राहत नाही. दादाभाई नौरोजींनी हाच विचार संपत्तीच्या निःसारणाच्या सिद्धांतात मांडला आणि रमेशचंद्र दत्तांनी तो जमीन महसुलाच्या आकड्यांनिशी पुढे नेला. हे दोघेही बडोद्याचे दिवाण होते, दादाभाई १८७४ साली आणि दत्त १९०९ साली. त्याआधी दत्त येथे महसूलमंत्रीही होते. साम्राज्याचे अर्थशास्त्र उघडे पाडणारी ही दोन माणसे येथे कारभार पाहून गेली, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. येथला पैसा येथल्या शाळांत, विहिरींत, रेल्वेत आणि बँकेत जात होता. राज्यकारभारात गुजरातीला स्थान मिळावे म्हणून महाराजांनी केवढे कष्ट घेतले, हे आठ भाषांतल्या प्रशासकीय शब्दांचा जो कोश १९३१ साली निघाला त्यावरून कळते. परक्या राज्याने रयतेच्या भाषेसाठी असे केल्याचे उदाहरण मला सांगावे.

आणि १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे एकदाच मान लववून पाठ फिरवणारा राजा इंग्रजांच्या कृपेवर जगत होता, असे म्हणणे मला जड जाते.

रावपुरा :

वाडीकर, दरबारानंतर त्याच राजाला व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले. मी हे त्यांना कमीपणा आणण्यासाठी लिहीत नाही. ज्या सत्तेने १८७५ साली गादी दिली, तीच सत्ता ती परत घेऊ शकते, हे महाराज जाणत होते. त्यांच्या धैर्याची मर्यादा आणि रयतेच्या हक्कांची मर्यादा एकाच ठिकाणाहून येत होती. राजा रेसिडेंटला जबाबदार होता आणि रयतेला कोणीच जबाबदार नव्हते.

पैसा कोठे खर्च होतो, ही आपली कसोटी मला अपुरी वाटते. मल्हाररावांच्या आधीच्या खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतल्या, मल्हाररावांनी सोन्याच्या ओतल्या. तो पैसाही लंडनला गेला नव्हता, येथेच राहिला होता. दादाभाई दिवाण झाले ते मल्हाररावांच्या काळात, आणि साधारण वर्षभरातच त्यांना ते पद सोडावे लागले. सोन्याच्या तोफेला आणि अमरेलीच्या शाळेला पैसा एकाच खजिन्यातून गेला. ज्या रयतेने तो भरला, तिला तोफ थांबवता येत नव्हती आणि शाळा मागताही येत नव्हती. निःसारणाचा सिद्धांत पैसा कोठे जातो हे विचारतो. तो कोठे जावा हे कोणी ठरवायचे, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि प्रजामंडळाने नेमका तोच विचारला होता.

मास्तरांच्या आजीच्या दंडाने मात्र मला निरुत्तर केले आहे. त्या काळी मतदान झाले असते, तर त्यांचे वडील दंडाच्या विरोधात गेले असते आणि आजींना मत नसते. १९०४ च्या कायद्यालाही हेच लागू होते. ज्या बहुमतात मुलींची गणतीच नाही, त्या बहुमताला मी लोकशाही म्हणून पुढे करत होते, हे मला आता दिसते. तेवढा भाग मी मागे घेते.

वाडीकर :

तोफांचा दाखला मला खोडता येत नाही. खजिन्याविषयी मी जे लिहिले ते एका राजाच्या कारकिर्दीपुरते खरे आहे, घराण्याविषयी किंवा राज्यपद्धतीविषयी नाही, असे दुरुस्त करून वाचावे. मंडळातल्या वक्त्यांचे वाक्यही मला आता तसेच्या तसे उच्चारता येणार नाही.

परंतु मास्तरांनी शिपायाविषयी जे विचारले, त्यावर मी दोन दिवस विचार करतो आहे. १९१७ च्या त्या शिपायाला महाराजांनी कामावरून काढले असते, तर उरलेल्या शिपायांनी कागद हातात दिला असता की नोकरी सोडली असती, हे मला ठरवता येत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या कचेरीत काम केलेल्या माणसाच्या आठवणी असतील, तर त्या जशाच्या तशा येथे लिहाव्यात. माझे पणजोबा महसूल खात्यात होते. या आठवड्यात त्यांच्या वह्या मी काढणार आहे.