अनुभव धागा: देवाच्या दारातली भांडणं

ओसरी (धागाकर्ती)

माझी आजी सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आळीतल्या तीन घरांचा पुरणाचा स्वयंपाक तिच्याकडे असायचा, आणि हळदीकुंकवाच्या बायका यायच्या वेळेला ती मागच्या दाराने घरी. तिला कुणी जा म्हणत नसे. ती आपणहून उठायची, कारण बसून राहिली असती तर कुणीतरी म्हटलं असतं.

२०२१ मध्ये करोनात बाबा गेले. अंगणात जमलेल्या बायकांपैकी दोघी आईच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. आई रडत होती, पण तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "गळ्यात पांडुरंगाची माळ आहे. ती तोडाल का? नाही ना? मग दुसऱ्या कशालाही हात लावू नका." बायका थबकल्या. मी एम.ए. झालेली, भाषणं करणारी, दारात नुसती उभी होते.

पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे सगळं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मी ते आईला वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

श्रद्धा सोडून नव्हे, श्रद्धेत राहूनच बाईच्या हक्कासाठी कुणी भांडलं असेल तर इथे लिहा. कुठल्याही धर्मातलं चालेल. जिंकलात का हरलात, दोन्ही सांगा. उपदेश नकोत, काय घडलं ते हवंय. आणि खऱ्या माणसांची नावं टाळा.

टाळमृदंग

मी वारकरी कीर्तन करते, अठरा वर्षं झाली. सुरुवातीला नारदाच्या गादीवर बाईने उभं राहावं का, यावर गावोगाव पंचायत बसायची. एका सप्ताहात मी उभी राहिले आणि टाळकरी मागून एकेक करत निघून गेले. पखवाजवाला तेवढा राहिला, तोही मी त्याच्या मामाच्या गावची म्हणून. मग पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी चौघी उठल्या, पडलेले टाळ उचलले आणि मागे उभ्या राहिल्या. एकीलाही ताल धड येत नव्हता. इतकं बेताल कीर्तन मी पुन्हा केलं नाही, आणि इतकं चांगलंही.

दुसरं भांडण पाळीचं. वारीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणाऱ्या बायका प्रत्येक दिंडीत असतात, मीही घेतल्यात. एकदा कीर्तनाआधी यजमानीणबाई कानाशी लागल्या, "ताई, तुमचं सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, ठीक आहे. आणि ठरवलेला अभंग बाजूला ठेवून सोयराबाईंचा घेतला. चोखोबांच्या पत्नी, चौदाव्या शतकातल्या. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध.' देहाचा विटाळ देहातच जन्मला, तर सोवळा झाला तो कोण, असं त्या विचारतात. जातीच्या विटाळाबद्दल बोलता बोलता मी बाईच्या विटाळावर आले. 'ज्या रक्तात नऊ महिने वाढलात' इथपर्यंत आल्यावर पुरुषांच्या बाजूला खाकरणं सुरू झालं. बायकांच्या बाजूला चिडीचूप.

पोथीतल्या या बायका नसत्या तर माझं ऐकलं कुणी असतं असं मला वाटत नाही. मी माझ्या मनाने बोलले तर 'शहाणी झालीय', सोयराबाई बोलल्या तर 'संतवचन'. मी त्याचा सरळ फायदा घेते.

अजून एक राहिलंय. सप्ताहातले मधले दिवस मला देतात, शेवटच्या दिवसाचं, मानाचं काल्याचं कीर्तन अठरा वर्षांत एकदाही दिलेलं नाही.

समिधा

पुण्यातली पुरोहित. इथे बायका पौरोहित्य करतात याचं आता कुणाला फार नवल नाही. थत्तेमामांनी १९७०च्या दशकात उद्यान मंगल कार्यालयात बायकांना शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीने वर्ग चालवले. तरी दार उघडणारा माणूस अजून माझ्या खांद्यावरून मागे बघतो. "गुरुजी गाडी लावतायत का?" मीच गुरुजी. दक्षिणेच्या वेळी मात्र स्त्री-पुरुष समता आठवत नाही, "ताईंना काय, घरच्यासारख्याच."

लक्षात राहिलेलं एक श्राद्ध सांगते. तीन मुली, भाऊ नाही. चुलतभाऊ दर्भ घेऊन तयारच बसलेला. मी थोरलीला विचारलं, वडिलांना शेवटची दोन वर्षं भरवलं कोणी? म्हणाली, मी. मग पिंडही तूच दे. चुलतभाऊ काही बोलला नाही. त्याला ऑफिसला जायचं होतं, खरं तर सुटलाच तो.

पिंपळपार

आमचं मराठवाड्यातलं गाव. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं. वाचणाऱ्या आम्ही तिघी-चौघी, बाकीच्या ऐकणाऱ्या. माझ्या सासूला अक्षर येत नव्हतं, पण मी ओळ गाळली की तिला कळायचं.

वाचनाआधी त्रिशरण, पंचशील. पाचवं शील दारूचं. आम्ही ते हात जोडून म्हणत असायचो आणि विहारामागच्या देशी दारूच्या दुकानात आमच्यातल्या निम्म्या जणींचे नवरे बसलेले असायचे. एके दिवशी एक आजी मधेच थांबली. "हे आपण कुणाला ऐकवतोय? ज्यानं ऐकायचं तो तिकडं हाय."

तिथून सुरू झालं. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर दुकान बंद करायचं का यावर गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, बंद हवं असेल तर आडवीवर शिक्का. सह्या गोळा करायला आम्ही आधी आमच्याच वस्तीत फिरलो. मग मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या बायकांकडे गेलो. खोटं कशाला सांगू, त्या ओसरीवर मी त्याआधी कधी चढले नव्हते. त्यांच्या म्होरकीने चहा दिला, कपात दिला, आणि तुकोबांची माळ घालणाऱ्याला दारू चालत नाही म्हणून सही केली. मुसलमानवाड्यातल्या बायकांनी तर विचारलंही नाही, शाईचं पॅड ओढून घेतलं. तीन देव एका कागदावर आले, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. मी म्हणायचे, बुद्ध देव नाही. त्या म्हणायच्या, गप गं.

पहिलं मतदान आम्ही हरलो. ऐंशी टक्के चिठ्ठ्या आडव्या बाटलीच्या, तरी हरलो. कारण झालेल्या मतांचं अर्ध चालत नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतदान ठेवलेलं पौषात. आमच्या निम्म्या बायका कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेल्या, यादीत मात्र सगळ्या हजर. दोन तर मेलेल्याही होत्या. अकरा मतं कमी पडली. त्या रात्री दुकानदाराने फटाके वाजवले.

दुसऱ्यांदा मागणी केली तेव्हा तारीख दसऱ्याच्या आतली मागितली, टोळ्या गावात असतानाची. बाळंतीण पोर घेऊन आली, एक म्हातारी खाटेवर घालून आणली. दुकान बंद झालं.

आता दारू शेजारच्या गावातून मोटरसायकलवर येते. चोरून येते, महाग येते, आणि पिऊन आलेला पारावर बसून ओरडत नाही, एवढा फरक. नवऱ्याचा हात थांबला अशा दोन घरांची मी खात्री देते. बाकीच्यांची नाही.

तिरपागडा

वाचतोय, पण राहवत नाही म्हणून विचारतो. ज्या देवाला तुमचा विटाळ होतो त्याच्या दारात भांडायचंच कशाला? २०१६ ला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचं प्रकरण झालं. हायकोर्टाने सांगितलं की १९५६ च्या कायद्याप्रमाणे जिथे पुरुषाला प्रवेश तिथे बाईला नाकारता येत नाही. एप्रिलमध्ये बायका चौथऱ्यावर गेल्या. ठीक. पण त्या दगडावर तेल ओतायचा हक्क मिळून कुणाची मजुरी वाढली?

हे मी घरी बोललो. आई सत्तरीची, शनीची भक्त, जन्मात चौथऱ्यावर न गेलेली. म्हणाली, "मला जायचंच नाही. पण नको जाऊ म्हणणारा तो कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

नुक्ता

तिरपागडा, तुमच्या आईंचंच पुढे नेते. मी सोलापूरची, नानी मुंबईत भायखळ्याला. सुट्टीत गेलो की ती आम्हाला हाजी अलीला न्यायची. समुद्रातल्या त्या वाटेवरून, भरती चुकवून. आत मजारीच्या चादरीला मी स्वतः हात लावलेला आहे, गुलाबाचा वास आजही आठवतो.

नंतर २०१२ मध्ये अम्मीला घेऊन गेले तर आत सोडेनात. "औरतें यहीं से दुआ माँगें." मी म्हटलं, आम्ही आधी जायचो. तिथला माणूस म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. माझ्याच आठवणीला कुणी खोटं म्हणतंय, याचा राग अडवल्यापेक्षा मोठा होता. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका हायकोर्टात गेल्या त्या हेच सांगत. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला, त्या वर्षाअखेरीस बायका पुन्हा आत गेल्या. नानी तोवर राहिली नव्हती.

आणि मजुरीचं विचाराल तर मेहरचं सांगते, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. माझ्या धाकट्या बहिणीच्या निकाहात मुलाकडच्यांनी मेहर ७८६ रुपये सांगितली, बरकत म्हणून. आपल्याकडे मेहर मागणं म्हणजे तलाकची तयारी, असं समजतात. अम्मी, जी कधी पुरुषांच्या खोलीत बोलली नाही, पडद्याआडून म्हणाली, "काझीसाहेब, मेहर मुलीचा हक्क आहे की मुलाची खैरात?" काझीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हक्क है." दोन तोळे सोनं, तिथल्या तिथे, निकाहनाम्यात लिहून. नंतर बहिणीने त्यातलं एक तोळं विकून शिलाईची दोन मशीनं घेतली. दगडावरच्या तेलाने नसेल वाढत मजुरी, पण शब्द दाखवून मागता येतं.

खाडीकाठ

वसई. छोटंसंच आहे. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, ते बाराही पुरुषच असायचे. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला. आमच्या बारा जणांत एक मावशी निवडली, बाजारात केळी विकणारी. भेगाळलेले पाय दाखवायची लाज म्हणून ती आदल्या रात्री तासभर दगडाने टाचा घासत बसली होती. धर्मगुरू पाय पुसायला वाकले तर हिने सवयीने स्वतःच टॉवेल हातात घेतला. अख्खं चर्च हसलं, तीही.

माजघर

हरलेलंही लिहा म्हणालात म्हणून. हेरवाडची बातमी वाचून आम्ही महिला मंडळाने संक्रांतीला विधवांसाठी हळदीकुंकू ठेवलं. चाळीस वाणं आणली, फलक लावला, फोटोवाला बोलावला. विधवा आल्या चार. नंतर एकीला विचारलं तर म्हणाली, "आमच्यासाठी वेगळं कशाला? तुमच्याच्यात बोलवायचं होतं की." वाणाचे डबे अजून माळ्यावर आहेत.

पहारेकरी

टाळमृदंग ताई, मी नगर जिल्ह्यातला. आमच्या सप्ताहात रात्रीच्या पहाऱ्याला वीणा घ्यायला पुरुष मिळेनात, सगळे शेतीवर नाहीतर मोबाइलवर, म्हणून चार वर्षांपूर्वी बायकांनी घेतली. नाइलाज होता, क्रांती वगैरे काही नव्हती. पण आता दुपारचे पहारेही त्याच मागतात. काल रात्री तुमचं लिहिलेलं मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. दोन म्हातारे उठून गेले, त्यातले एक माझे वडील. तरी बाकीच्यांनी विचारायला सांगितलंय: यंदाच्या काल्याला याल का?

टाळमृदंग

येते. बिदागीचं नंतर बघू. टाळकरी थांबणार आहेत का तेवढं आधी विचारून ठेवा, आणि नसतील थांबणार तर पहाऱ्यावरच्या बायकांना आत्तापासून ताल शिकवायला घ्या.